इलेक्ट्रिक दुचाकी घेण्याआधी: ठाणे-नवी मुंबईकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शोरूममध्ये रंग, स्क्रीन आणि 'एका चार्जमध्ये किती' यावरच बोलणं संपतं. आमच्याकडे येणारे प्रश्न मात्र बहुतेक गाडी घेतल्यानंतरचे असतात: पोलिसांनी अडवलं, सोसायटीने प्लग काढला, घोडबंदरच्या चढावर दम लागला. ते घेण्याआधीच विचारता यावेत म्हणून ही यादी केली आहे. एकाच मुद्द्याला दोन बाजू असतील तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ई-सायकल, ई-बाईक, ई-स्कूटर: नेमका फरक काय?

बोलताना सगळ्यांनाच 'ई-बाईक' म्हणतात. कायदा नावं बघत नाही, दोनच खाती ओळखतो. मोटार वाहन, आणि मोटार वाहन नसलेलं. पेडल असलं म्हणून गाडी आपोआप सायकल ठरत नाही, आणि स्कूटरसारखी दिसते म्हणून नोंदणी लागतेच असंही नाही. ठरतं ते मोटारीची ताकद, वेग आणि वजन यांवर. म्हणून दुकानात पहिला प्रश्न हाच विचारा: 'हिला आरसी, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्र, मिळते की नाही?' 'नाही' असं उत्तर आलं तर प्रश्न २ आणि ३ वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

२. लायसन्स, नंबर प्लेट, विमा यातलं काहीच लागत नाही अशी गाडी कोणती?

केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम २(यू) मध्ये याच्या अटी आहेत. मोटारीची ३० मिनिटांची ताकद, म्हणजे सलग अर्धा तास देता येणारी ताकद, २५० वॅटपेक्षा कमी हवी. कमाल वेग ताशी २५ किमीपेक्षा कमी हवा. बॅटरी सोडून गाडीचं वजन ६० किलोपेक्षा जास्त नको. ब्रेक हवेत, पुढे पांढरा आणि मागे लाल रिफ्लेक्टर हवा. पेडल मारल्यावर साथ देणाऱ्या सायकलीत मोटारीची मदत वेग वाढेल तशी कमी होत गेली पाहिजे आणि २५ ला, किंवा पेडल थांबवल्यावर त्याआधीच, पूर्ण बंद झाली पाहिजे.

या सगळ्या अटी एकाच वेळी पाळल्या जायला हव्यात. शिवाय मॉडेल त्यात बसतं हे पुण्याच्या एआरएआय किंवा मानेसरच्या आयकॅटसारख्या मान्यताप्राप्त चाचणी संस्थेने प्रमाणित केलेलं हवं. त्या प्रमाणपत्राची प्रत मागा, त्यावरचं मॉडेलचं नाव आणि गाडीवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतंय का पाहा, आणि फोटो फोनमध्ये ठेवा. रस्त्यात कुणी अडवलं तर दाखवायला तुमच्याकडे तेवढाच कागद असतो.

३. दुकानदार सांगतो, '२५० वॅटचीच आहे, पण पंचेचाळीसने पळते, आणि कागद लागत नाहीत.' हे शक्य आहे का?

नाही, आणि त्यासाठी कायद्याचं पुस्तक उघडायचीही गरज नाही. गाडी आणि माणूस मिळून १४५ किलो धरले, तर वारा नसताना सपाट रस्त्यावर २५ चा वेग टिकवायला चाकावर साधारण २३० वॅट लागतात. ४५ चा वेग टिकवायचा तर साधारण ८५० वॅट. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून हा आकडा असा उडी मारतो. तेव्हा गाडी खरोखर ४५ ने जात असेल तर मोटार २५० वॅटची नाही, स्टिकर तेवढा २५० वॅटचा आहे.

अशी गाडी कायद्याने मोटार वाहन ठरते, आणि तीही विनानोंदणी, विनाविमा. मोटार वाहन कायद्यातली दंडाची कलमं एकावर एक चढतात: नोंदणी नाही (कलम १९२, पहिल्या वेळी ५,००० रुपयांपर्यंत), लायसन्स नाही (कलम १८१, ५,०००), विमा नाही (कलम १९६, २,०००). महाराष्ट्राच्या परिवहन विभागाने अशा गाड्यांविरुद्ध मे २०२२ मध्ये खास मोहीम काढली होती. गाडी जप्त झाली तर ती सोडवणंही अवघड, कारण सोडवायला आरसी लागते आणि या मॉडेलला ती मिळतच नाही.

४. गाडी नियमातली आहे. फक्त स्पीड लॉकची वायर काढली तर कुणाला कळणार?

कंट्रोलरमधून, म्हणजे मोटारीला किती करंट द्यायचा ते ठरवणाऱ्या डब्यातून, निघालेल्या दोन वायरींची एक छोटी जोडणी सोडवली की वेग वाढतो. मेकॅनिक पाच मिनिटांत करून देतो, काही दुकानं तर डिलिव्हरीच्या वेळी 'सेवा' म्हणूनच करून देतात. पोलिसाला कळण्याआधी मोटारीला कळतं. २५० वॅटच्या हिशोबाने घेतलेली वाइंडिंग (मोटारीतली तांब्याची गुंडाळी), पातळ फेज वायर (कंट्रोलरकडून मोटारीकडे जाणारी) आणि लहान कंट्रोलर यांतून दुप्पट करंट गेला की सुरुवातीला मजा येते. मग फेज वायरींचे कनेक्टर वितळतात, मोटारीतले हॉल सेन्सर (मोटार कुठवर फिरली ते कंट्रोलरला सांगणारे) जातात आणि गाडी धक्के देत चालायला लागते. ड्रम ब्रेकही २५ च्या वेगासाठीच दिलेले असतात.

कायद्याच्या बाजूने सांगायचं तर लॉक काढलेली गाडी प्रश्न ३ मधल्या खात्यात जाते. नोंदणी झालेल्या स्कूटरवर असा बदल केला तर कलम १८२अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. वॉरंटी तर त्याच दिवशी संपते. कंट्रोलरच्या नोंदी सर्व्हिस सेंटरला वाचता येतात.

५. मुलगा सोळा वर्षांचा आहे, क्लासला जायला कोणती घेऊ?

प्रश्न २ मध्ये बसणारी खरी कमी वेगाची गाडी किंवा पेडल-असिस्ट सायकल. त्यांना मोटार वाहन कायद्याची वयाची अट लागू होत नाही. सोळाव्या वर्षी मिळणारं लायसन्स ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअर गाडीपुरतं असतं. त्याच्या भरवशावर ६० ने पळणारी ई-स्कूटर मुलाच्या हातात देऊ नका. अल्पवयीन मुलगा मोटार वाहन चालवताना सापडला तर कलम १९९अ खाली पालकाला किंवा मालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही. हेल्मेटची सक्ती कमी वेगाच्या गाडीला नसली तरी घालायला लावाच. डोकं आपटतं तेव्हा ते वॅट मोजत नाही.

६. माझ्याकडे कारचं लायसन्स आहे. ई-स्कूटरला चालेल?

त्यावर फक्त कारचा वर्ग असेल तर नाही. बिनगिअर मोटारसायकलचा वर्ग वाढवून घ्यावा लागतो. गिअरच्या मोटारसायकलचा वर्ग असेल तर वेगळं काही करायला नको.

७. पासिंग कुठे होतं, आणि त्यात खर्च किती?

पत्त्यावर अवलंबून आहे. ठाणे शहर एमएच-०४. ऐरोलीपासून बेलापूरपर्यंतची नवी मुंबई वाशी आरटीओकडे, एमएच-४३. खारघर, कामोठे, पनवेल एमएच-४६. डोंबिवली-कल्याण एमएच-०५. अर्ज डीलरच ऑनलाइन भरतो, तुम्ही आधार आणि पत्त्याचा पुरावा द्यायचा. भाड्याने राहत असाल तर नोंदवलेला लिव्ह अँड लायसन्स करार तयार ठेवा. डीलर सगळ्यात जास्त त्याच्याच मागे लागतो.

बॅटरीवरच्या गाड्यांना आरसीचं शुल्क २ ऑगस्ट २०२१ च्या केंद्रीय अधिसूचनेने माफ आहे, आणि राज्याच्या धोरणानुसार मोटार वाहन करही माफ आहे. तरी कोटेशनमध्ये 'आरटीओ' म्हणून मोठी रक्कम दिसली तर तिची फोड मागा. त्यात हाताळणी शुल्क, स्मार्ट कार्ड, नंबर प्लेट असं काहीबाही असतं. त्यातल्या ज्याची पावती मिळते तेवढंच द्यायचं. खासगी गाडीची प्लेट हिरवी आणि अक्षरं पांढरी. हिरव्यावर पिवळी अक्षरं म्हणजे व्यावसायिक.

नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच घ्यावा लागतो. जून २०२२ पासूनच्या दरांनुसार इलेक्ट्रिक दुचाकीला ३ किलोवॅटपर्यंत २,४६६ रुपये, ३ ते ७ किलोवॅटला ३,२७३ रुपये, अधिक जीएसटी असेल तो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा वेगळा आणि तो दरवर्षीचा. तो घेताना बॅटरी आणि चार्जर यांचं संरक्षण आहे का हे पॉलिसीत वाचा. पाणी शिरून झालेलं नुकसान साध्या पॉलिसीत बऱ्याचदा वगळलेलं असतं (प्रश्न १६). पीयूसी लागत नाही.

८. सबसिडी किती मिळेल?

कोटेशनवर वेगळ्या ओळीत वजा झालेली दिसते तेवढीच, त्याहून जास्त धरू नका. केंद्राची फेम-२ ही सबसिडी योजना ३१ मार्च २०२४ ला संपली. १ ऑक्टोबर २०२४ पासून पीएम ई-ड्राइव्ह आली. तिच्यात आधी बॅटरीच्या प्रत्येक किलोवॅट-तासाला ५,००० रुपये (कमाल १०,०००) होते, एप्रिल २०२५ पासून २,५०० (कमाल ५,०००) झाले. दिशा कुठे आहे ते यावरून कळेल. गाडीवर जीएसटी ५ टक्के आहे. कर्जाच्या व्याजावरची प्राप्तिकरातली कलम ८०ईईबीची वजावट ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच होती. विक्रेता आजही ती सांगत असेल तर त्याची माहिती जुनी आहे. नोंदणी न होणाऱ्या गाड्यांना 'सबसिडीवाला भाव' कुणी सांगत असेल तर तो निव्वळ बोलण्याचा भाव.

९. जाहिरातीत १५० किमी लिहिलंय. ठाण्यात खरंच किती जाईल?

जाहिरातीतला आकडा बहुतेक वेळा प्रयोगशाळेतल्या रोलरवर 'इंडियन ड्रायव्हिंग सायकल' या चक्राने काढलेला असतो. त्या चक्राचा सरासरी वेग ताशी २२ किमीच्या आसपास आणि कमाल वेग ४२. पामबीच रोडवर कोण ४२ ने जातं? म्हणून जाहिरातीच्या आकड्याचे ७० टक्के धरायचे. मागे माणूस असेल किंवा वेग सतत ६० असेल तर ६० टक्के.

याहून भरवशाचा हिशोब बॅटरीवरून होतो. बॅटरीची क्षमता किलोवॅट-तासात विचारा, म्हणजेच विजेच्या बिलातली युनिट. कुणी फक्त व्होल्ट आणि अँपिअर-तास सांगितले तर गुणून हजाराने भागा: ६० व्होल्ट, ३० अँपिअर-तास म्हणजे १.८ युनिट. शहरात बऱ्यापैकी सांभाळून चालवलेली स्कूटर किलोमीटरला २८ ते ३२ वॅट-तास खाते, दोघं बसून ६० ने गेलात तर ३८ ते ४२. ३ युनिटच्या बॅटरीतले २.८ वापरता येतात असं धरा: पहिल्या रीतीने ९० किमी, दुसऱ्या रीतीने ७०.

मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ अशा एकामागून एक पुलांमुळे रेंज जाते, असं बरेच जण लिहितात. हिशोब तसा नाही. २५५ किलोचं वजन आठ मीटर वर न्यायला जेमतेम ६ वॅट-तास लागतात. रेंज खातो तो पुलावर मोकळा रस्ता दिसला की पिळलेला थ्रॉटल. ४० ऐवजी ६० ने गेलात तर हवेचा विरोध सव्वादोन पट होतो. त्याखालोखाल टायरमधली कमी हवा. दर पंधरा दिवसांनी हवा तपासली तर फुकटात काही किलोमीटर मिळतात.

रोजच्या येण्याजाण्याच्या दुप्पट खरी रेंज असलेली गाडी घ्या. बॅटरी चार वर्षांनी २० टक्के उतरली तरी मग अडत नाही, आणि रोज शंभर टक्के भरायचीही गरज राहत नाही.

१०. किलोवॅट जास्त म्हणजे गाडी ताकदवान का? गायमुखचा घाट, येऊर, मुंब्रा बायपास चढेल का?

ब्रोशरवर मोठ्या अक्षरात असतो तो पीक आकडा. ती ताकद काही सेकंदांपुरती, ओव्हरटेकला. चढावर कामाला येते ती सलग देता येणारी ताकद, 'रेटेड' किंवा 'नॉमिनल'. टीव्हीएस आयक्यूबचं उदाहरण घ्या: पीक ४.४ किलोवॅट, रेटेड ३. दोन्ही आकडे विचारा. एकच सांगितला तर तो पीक समजा.

आता चढ. स्कूटर १२० किलो, दोन माणसं मिळून १३५. शंभर मीटरला सात मीटर उंची चढणाऱ्या रस्त्यावर ३० च्या वेगाने जायचं तर चाकावर साधारण १.९ किलोवॅट लागतात. रेटेड ३ किलोवॅटची मोटार हे निवांत करते. रेटेड १.५ ची मोटार पीकच्या जोरावर सुरुवात बरी करते, पण मोटार आणि कंट्रोलर तापले की स्वतःला वाचवायला करंट कमी करतात आणि वेग हळूहळू पडत जातो. ही बिघाडाची खूण नाही, पण मागून कंटेनर येत असतो तेव्हा हे समाधान पुरत नाही. २५० वॅटच्या गाडीवर एकटा माणूस (एकूण १४० किलो) त्याच चढावर ताशी ८ किमीपर्यंत येतो. येऊरला राहणाऱ्यांनी ही गाडी घेऊच नये. वाशीच्या सेक्टरांमध्ये फिरायला ती छान आहे.

मोटार चाकातच (हब) की मधे आणि बेल्टने जोडलेली (एथरसारखी), हा वाद रंगतो. हबमध्ये देखभाल कमी, पण चाक जड होतं आणि खड्ड्यातला दणका थेट मोटारीला बसतो. बेल्टच्या गाडीत वजनाची वाटणी चांगली, पण बेल्ट ठरावीक किलोमीटरनंतर बदलावा लागतो. त्याची किंमत आधीच विचारून ठेवा.

चढावर राहणाऱ्यांसाठी एक बारीक गोष्ट. बॅटरी १०० टक्के भरलेली असताना उतारावर रिजन ब्रेकिंग (वेग कमी करताना मोटारीने वीज बॅटरीत परत भरणं) चालत नाही, कारण परत आलेली वीज ठेवायला जागाच नसते. सकाळी निघताना गाडी नेहमीसारखी थोपत नाही असं वाटतं, ते यामुळे. ९० टक्क्यांवर चार्ज थांबवा.

११. टेस्ट राइडला काय बघू? शोरूमवाला गल्लीतून एक चक्कर मारायला देतो.

चार्ज २५ टक्क्यांच्या आसपास असलेली गाडी मागा. भरलेल्या बॅटरीवर सगळ्याच गाड्या पळतात. अनेक गाड्या २० टक्क्यांखाली वेग आणि ताकद दोन्ही कमी करतात, त्यामुळे घरी परतताना ती कशी वागते ते आत्ताच कळतं. मागे माणूस बसवा. चढावर मध्येच पूर्ण थांबून पुन्हा निघा: मागे घसरते का, निघताना झटका देते का? खराब पॅचवरून ३० ने जा आणि मागच्या चाकाकडे कान द्या. रिव्हर्स, साइड स्टँडचा कट-ऑफ, उन्हात स्क्रीन वाचता येते का, डिकीत तुमचं हेल्मेट मावतं का, हेही पाहा. शेवटचं हमखास राहतं.

१२. लेड-ॲसिड, लिथियम, एलएफपी: बॅटरी कोणती चांगली?

लेड-ॲसिड स्वस्त आणि जड, रोजच्या वापरात दीड-दोन वर्षांत थकते. चार-पाच काळे डबे एकत्र बांधलेले दिसले की ओळखा. त्यातला एक डबा गेला की बाकीचेही मागोमाग जातात. एकच बदलून भागत नाही, कारण नवा आणि जुना यांचं व्होल्टेज जमत नाही. लिथियममध्ये दोन जाती. एनएमसी हलकी, कमी जागेत जास्त वीज. एलएफपी थोडी जड, पण उष्णता जास्त सहन करते आणि जास्त चार्ज-डिस्चार्ज टिकते. उन्हात उभी राहणारी आणि रोज पूर्ण रिकामी होणारी गाडी असेल तर एलएफपी. बाकीच्यांनी रसायनापेक्षा वॉरंटीचा कागद वाचावा.

त्या कागदात तीन गोष्टी शोधा: वर्षं आणि किलोमीटर यांतलं जे आधी येईल ते; क्षमता किती टक्क्यांखाली गेली की बॅटरी बदलून मिळते (७० टक्के असं स्पष्ट लिहिलेलं हवं, 'नैसर्गिक घट वगळून' असं मोघम नको); आणि बदलून मिळणारी बॅटरी नवी की दुरुस्त केलेली. नंतर वेगळी घेतलेल्या लिथियम बॅटरीवर जीएसटी १८ टक्के लागतो, गाडीसारखा ५ नाही.

सुरक्षिततेसाठी नोंदणीच्या गाडीची बॅटरी एआयएस-१५६ या मानकाच्या सुधारित नियमांनुसार आहे का ते विचारा. ते डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. त्याआधी बनलेला जुना साठा 'सूट' म्हणून मिळत असेल तर सोडून द्या.

१३. सोसायटी पार्किंगमध्ये चार्जिंगला परवानगी देत नाही. काय करायचं?

आधी कायदा. घरी किंवा कार्यालयात, आहे त्याच वीजजोडणीवरून स्वतःची गाडी चार्ज करता येते, असं ऊर्जा मंत्रालयाच्या जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत म्हटलं आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये वीज ग्राहक हक्क नियमांत बदल झाला, त्यानुसार चार्जिंगसाठी वेगळी जोडणीही मागता येते. ठाणे आणि नवी मुंबईच्या बहुतेक भागात अर्ज महावितरणकडे करायचा, कळवा-मुंब्रा-शीळ भागात टोरंट पॉवरकडे.

पण सेक्रेटरीच्या टेबलावर कायदा आपटण्याआधी त्यांची भीती समजून घ्या. ती दोन गोष्टींची असते: आग, आणि कॉमन मीटरचं बिल. दोन्हींचं उत्तर एका कागदावर लिहून न्या. वीज तुमच्या फ्लॅटच्या मीटरमधून जाणार. मीटर रूममधून पार्किंगपर्यंत पाइपातून २.५ चौरस मिमीची तांब्याची वायर (अंतर ४०-५० मीटर असेल तर ४ चौरस मिमी, म्हणजे पुढे मोठा चार्जर आला तरी पुन्हा खोदकाम नको). मीटरजवळ १६ अँपिअरचा एमसीबी (करंट जास्त झाला की बंद पडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की बंद पडणारा). पार्किंगमध्ये जमिनीपासून चार-साडेचार फुटांवर कुलूपबंद पेटीत १६ अँपिअरचा सॉकेट. काम परवानाधारक वायरमनकडून आणि त्याचा चाचणी अहवाल सोबत. बिलावरचा मंजूर भारही बघा. गिझर आणि एसी असलेल्या घरात तो आधीच काठावर असेल तर वाढवून घ्या.

सोबतचा पोर्टेबल चार्जर साधारण ७५० ते ९५० वॅटचा असतो, म्हणजे मिक्सरपेक्षा थोडा जास्त. फरक इतकाच की मिक्सर दोन मिनिटं चालतो आणि हा सलग चार-पाच तास. म्हणूनच ६ अँपिअरच्या प्लगमध्ये किंवा एक्स्टेंशन बोर्डमध्ये तो लावायचा नाही. सैल पिनेपाशी उष्णता साठते आणि प्लास्टिक पिवळं पडून वितळतं. दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून सोडलेली वायर हे सोसायटीच्या नकाराचं सगळ्यात चांगलं कारण आहे, ते त्यांना देऊ नका.

चार्जर 'अर्थ' चा लाल दिवा दाखवून थांबत असेल तर तो खराब नाही. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात मल्टिमीटरने व्होल्टेज मोजून घ्या. दोन-तीन व्होल्ट ठीक, पाचच्या वर गेलं तर इमारतीचं अर्थिंग दुरुस्त करायला हवं. नौपाड्यातल्या जुन्या चाळी-इमारतींमध्ये हे नेहमीचं.

१४. बॅटरी काढून घरात चार्ज केली तर चालेल ना?

कंपनीने तशी सोय दिली असेल तर चालेल. दाराच्या वाटेत, पलंगाखाली किंवा सोफ्यावर नाही. फरशीवर, पडद्यापासून लांब, आणि रात्री सगळे झोपल्यावर नाही. आग लागलीच तर बाहेर पडायचा रस्ता बॅटरीच्या पलीकडे नको, एवढं डोक्यात ठेवून जागा निवडा. गाडीवरून आल्यावर अर्धा तास थंड होऊ द्या. दुसऱ्या गाडीचा चार्जर पिन बसते म्हणून लावू नका. ६० व्होल्टच्या बॅटरीला ७२ चा चार्जर लावणं हे आगीचं ठरलेलं कारण आहे. सारखी तापणारी, फुगलेली किंवा गोडसर रसायनाचा वास येणारी बॅटरी लगेच मोकळ्या जागी न्या.

१५. विजेचं बिल किती वाढेल?

महिन्याला ९०० किमी, चार्जरमधला ऱ्हास धरून ३१ युनिट. वरच्या स्लॅबचा सगळे आकार धरून दर १३ रुपये मानला तर ४०० रुपयांच्या आसपास. ४५ चं ॲव्हरेज देणाऱ्या पेट्रोल स्कूटरला तेवढ्याच अंतराला २० लिटर. 'तीनशे युनिट ओलांडले की सगळ्या बिलाला वरचा दर लागतो' ही समजूत चुकीची आहे, वरचा दर वरच्या युनिटांनाच लागतो. पार्किंगच्या कॉमन मीटरवरून चार्ज करत असाल तर सबमीटर बसवा, सभेत होणारी भांडणं टळतात.

१६. पावसात, तुंबलेल्या पाण्यात चालते का?

पाऊस चालतो. तुंबलेलं पाणी वेगळं. आयपी६७ म्हणजे बंद वस्तू एक मीटर स्वच्छ पाण्यात अर्धा तास ठेवली तरी आत पाणी गेलं नाही. ही चाचणी नव्या बॅटरीची, प्रयोगशाळेतली. वंदना टॉकीजजवळचं पाणी स्वच्छ नसतं, तुमची सील तीन वर्षं जुनी असते, आणि तापलेली मोटार गार पाण्यात गेली की आतली हवा आकसून बेअरिंगच्या सीलमधून पाणी ओढून घेते. चाकाच्या आसापर्यंत पाणी असेल तर हळू, न थांबता काढा. त्यावर असेल तर वळा.

गाडी बुडालीच तर ती चालू करून बघू नका आणि चार्जिंगला अजिबात लावू नका. मेन स्विच किंवा एमसीबी बंद करा, ढकलून उंच जागी न्या, फोटो काढा, विमा कंपनीला कळवा, मग टो करून सर्व्हिस सेंटर. सुरू करून बिघडवलेल्या गाडीचा दावा विमा कंपन्या सहज नाकारतात. खाडीकाठी, म्हणजे ऐरोली, कोपरी, वाशीला राहणाऱ्यांनी वर्षातून दोनदा चार्जिंग पोर्ट आणि कनेक्टर उघडून हिरवट थर आला आहे का ते पाहून घ्यावं. खारी हवा तांब्याला खाते. प्रेशर वॉशरची धार पोर्टवर, हबच्या आसावर किंवा डिकीखाली मारू देऊ नका.

गणपतीला गावी पंधरा दिवस जाणार असाल तर बॅटरी ५०-६० टक्क्यांवर ठेवून बंद करा. पूर्ण भरूनही नाही, रिकामी करूनही नाही.

१७. मॉलमधल्या कारच्या चार्जरवर स्कूटर चार्ज होते का?

कारचा मोठा डीसी प्लग स्कूटरला बसत नाही. स्कूटरच्या जलद चार्जिंगचे प्लगही सगळ्यांचे एक नाहीत. एथर आणि विडा यांचा एक आहे, बाकी काहींचा स्वतःचा. म्हणून 'शहरात अमुक इतके पॉइंट' या आकड्याला भुलू नका, तुमच्या प्लगचे तुमच्या वाटेवर किती ते ॲपमध्ये शोधा. होंडाच्या ॲक्टिव्हा ई-सारख्या गाडीत तर बॅटऱ्या बदलूनच घ्यायच्या, घरी चार्ज करताच येत नाहीत. स्वॅप स्टेशन घराजवळ नसेल तर ती गाडी तुमच्यासाठी नाही.

१८. अटल सेतू, एक्स्प्रेसवे, ईस्टर्न फ्रीवे?

तिन्हीवर दुचाकीला बंदी, इलेक्ट्रिक असली तरी. टोलमाफीच्या बातम्या चारचाकी आणि बसच्या आहेत. वाशीचा आणि ऐरोलीचा खाडीपूल चालतो.

१९. सेकंडहँड घेताना फसगत कशी टाळू?

पेट्रोलच्या गाडीत इंजिन ऐकतात, इथे ऐकायला काही नसतं. बॅटरीच्या आरोग्याचा छापील अहवाल कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधून काढून घ्या, विक्रेत्याच्या फोनमधला स्क्रीनशॉट नको. १०० टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत स्वतः चालवा. आलेले किलोमीटर दुपटीने प्रश्न ९ मधल्या हिशोबाशी ताडा. वॉरंटी दुसऱ्या मालकाला लागू होते का, ॲपचं खातं आणि कनेक्टिव्हिटीचा प्लॅन तुमच्या नावावर होतो का, मूळ चार्जर आणि दोन्ही किल्ल्या आहेत का, हे पैसे देण्याआधी ठरवा. खातं आधीच्या मालकाकडे राहिलं तर तुमची गाडी कुठे उभी आहे ते त्याला दिसत राहतं. कर्ज असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५. हस्तांतराला फॉर्म २९ आणि ३०. पुण्याहून आणलीत तर तिथल्या आरटीओची फॉर्म २८ वरची एनओसी.

२०. जुनी पेट्रोल स्कूटर इलेक्ट्रिक करून घेता येते का?

येते, पण मंजूर किटनेच. किट तुमच्या त्याच मॉडेलसाठी एआयएस-१२३ या मानकाखाली प्रमाणित हवं, ते अधिकृत केंद्रात बसवलेलं हवं, आणि नंतर आरटीओत आरसीवरचं इंधन बदलून विमा कंपनीला कळवायला हवं. गॅरेजमध्ये मोटार आणि बॅटरी जोडून घेतलेली गाडी म्हणजे प्रश्न ४ मधला बेकायदा बदल. दहा-बारा वर्षं जुन्या गाडीवर हा खर्च बहुतेकदा फिटत नाही, कारण १५ वर्षांची आरसीची मुदत जवळ आलेली असते.

२१. फावल्या वेळात ॲपवर प्रवासी नेले तर?

पांढऱ्या अक्षरांच्या खासगी प्लेटवर नाही. राज्याने २०२५ मध्ये बाईक टॅक्सीचे नियम केले ते इलेक्ट्रिक गाड्यांसाठीच, पण त्यात परवानाधारक कंपनी, व्यावसायिक नोंदणी आणि पिवळ्या रंगाची गाडी असं सगळं आहे. परवान्याशिवाय भाडं घेतलं तर कलम १९२अ खाली १०,००० रुपये दंड, आणि अपघात झाला तर खासगी विमा हात वर करतो.

२२. नोंदणी नसलेल्या ई-बाईकचा अपघात झाला. भरपाई कोण देतं?

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गाडी खरोखर प्रश्न २ मध्ये बसणारी असेल आणि तुम्हाला दुसऱ्या मोटार वाहनाने ठोकलं, तर त्या वाहनाच्या थर्ड पार्टी विम्यातून तुम्हाला दावा करता येतो, सायकलस्वाराला करता येतो तसाच. तुमच्यामुळे कुणाला लागलं तर मात्र तुमच्याकडे विमा नाही, खर्च खिशातून. गाडी कागदावर कमी वेगाची आणि प्रत्यक्षात लॉक काढलेली असेल तर पंचनाम्यानंतर तपासणीत ते निघतं. मग दावा न्यायाधिकरणात विनाविमा मोटार वाहनाच्या मालकाविरुद्ध चालतो, आणि गंभीर दुखापतीत ती रक्कम लाखांत जाते. अशा वेळी दुकानदाराने तोंडी दिलेली खात्री कामाला येत नाही. बिलावर मॉडेल, मोटारीचे वॅट आणि कमाल वेग लिहून सही-शिक्क्यासह घेतले असतील तरच त्याच्याविरुद्ध ग्राहक आयोगात जायला हातात काही असतं. ते बिलावर लिहायला तो तयार नसेल तर गाडी तिथेच ठेवून या.